नगदीच द्या, बाई

नोकरीला लागून एकोणिसावा दिवस होता आणि मी एका शेतकऱ्याचं थकलेलं पीककर्ज फेडून टाकलं. त्याला न विचारता, शेठजींच्या पैशातून.

आता हे हसत लिहिता येतं. त्या आठवड्यात मी जिनिंगच्या, म्हणजे कपाशीतून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, मागं सरकीच्या ढिगाआड उभी राहून रडले होते आणि सरकी भरायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं होतं, "काय झालं ताई, डोळ्यात रुई गेली काय?" मी हो म्हटलं. रुईचं कारण आमच्याकडे सगळ्यालाच चालतं.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. मी बी.कॉम. झाले २०२२ ला, म्हणजे लोक जिला कोरोना बॅच म्हणून चिडवतात त्यातली. मधल्या वर्षाचे पेपर मी मोबाइलवर गोल काळे करत दिले, तेही गावाबाहेरच्या बाभळीखाली, कारण रेंज तिथंच यायची. त्यानंतर तीन महिने टॅलीचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हिशेबाचा, क्लास केला. दिवाळी झाल्यावर ७ नोव्हेंबरला, सोमवारी, एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये ट्रेनी अकाउंटंट म्हणून रुजू झाले. पगार ६,००० रुपये. बाबांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "वेचाईवाल्या बायका याहून जास्त कमावतात सीझनला." खरंच होतं ते. किलोमागं दहा रुपये वेचाई चालू होती.

ऑफिस म्हणजे काट्याला लागून एक खोली. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, लक्ष्मीचा फोटो आणि मुनीमजी. मुनीमजींनी आयुष्यात तीन जिनिंगा बदलल्या, टोपी नाही बदलली. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "रोकड आली तर कुठं लिहिशीन?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं, डावीकडे, डेबिट, म्हणजे नावे. त्यांनी कपाटातून लाल कापडाची जुनी वही काढून उघडली. पानांना घड्या घालून सळ पाडलेले, वर श्री. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आलेली रोकड डावीकडे, जमेला.

"हे उलटं आहे," मी म्हटलं.

"उलटी तुमची पुस्तकं हायत," ते म्हणाले. मग चहा आला.

दोघांचं बरोबर होतं हे कळायला मला चार-पाच दिवस लागले. देशी नाम्याच्या किर्दीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या रोजच्या वहीत, ज्याच्याकडून पैसे आले त्याच्या नावानं जमा होतं. कॉलेजचं पुस्तक रोकडीच्या खात्याच्या बाजूनं बोलतं. माणूस तोच, फक्त उभा कुठं आहे एवढाच फरक. पण पहिला आठवडा मी प्रत्येक व्हाउचरला मनात एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे वळून बघायचे.

दुसरी गाठ जीएसटीची. शेतकऱ्याला जीएसटी नंबर नसतो. त्याच्याकडून कपाशी घेतली की पाच टक्के कर माल घेणाऱ्यानं भरायचा, उलट्या बाजूनं. कच्च्या कापसाला हे १५ नोव्हेंबर २०१७ पासून लागलं. बरं, हा कर आधीच्या क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या जमेतून, भागवता येत नाही, रोखीनंच भरावा लागतो, आणि भरला की तोच आपल्या क्रेडिटला येतो, पुढं रुईच्या विक्रीवरच्या करात वापरायला. मला हे पटतच नव्हतं. आपणच भरायचं आणि आपणच घ्यायचं, तर भरायचं कशाला? मुनीमजींनी उजव्या खिशातली तंबाखूची पुडी काढली, डाव्या खिशात टाकली आणि म्हणाले, "असं. पण मधात वीस तारीख हाय." वीस तारीख म्हणजे रिटर्नची. सीझनमध्ये त्या मधल्या दिवसांत शेठजींचा केवढा पैसा अडकून राहतो हे मी पहिलं चलन काढलं तेव्हा कळलं.

आणि तिसरी गोष्ट, जी कोणत्याच पुस्तकात नव्हती. रुपये जुळले तरी जिनिंगचा हिशेब जुळत नाही, किलोही जुळावे लागतात. क्विंटलभर कपाशीतून तेहतीस-चौतीस किलो रुई, बाकी सरकी, आणि उरलेली घट. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीमागं ढोबळ पाच क्विंटल कपाशी. पावसात भिजलेला माल आला, आठ दिवस पडून सुकला, की वजन हवेत जातं. त्या हवेचीही नोंद करावी लागते. मला हे फार आवडलं. अजूनही महिनाअखेरीला मी पैशाच्या आधी वजन जुळवते.

पण सांगायचं आहे चुकाऱ्याचं.

आमच्याकडे विकलेल्या मालाच्या पैशाला चुकारा म्हणतात. गाडी काट्यावर चढते, भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, ओलावा बघून भाव, वजन-भावाची पट्टी फाटते आणि शेतकरी पट्टी घेऊन खिडकीशी येतो. खिडकीच्या आत मी. आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "नगदीच द्या, बाई."

मला याचा राग यायचा. मी टॅली शिकलेली, आरटीजीएसवाली पोरगी. (दोन लाखांच्या आत आरटीजीएस होतच नाही, ते एनईएफटी असतं, पण आमच्याकडे बँकेतून गेलेला प्रत्येक पैसा आरटीजीएसच.) नगदी म्हटलं की मोजा, सही घ्या, अंगठा घ्या, संध्याकाळी पेटी जुळवा. एकदा पाचशेच्या गड्डीत शंभराऐवजी नव्याण्णव नोटा निघाल्या आणि आम्ही रात्री आठपर्यंत ती एक नोट शोधत होतो. शिवाय कॉलेजात शिकले होते की धंद्यात एका माणसाला एका दिवशी दहा हजारांच्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. मुनीमजींनी सांगितलं की शेतमाल पिकवणाऱ्यालाच पैसे देत असाल तर त्याला सूट आहे. मी तो नियम शोधून वाचला, ६डीडी, खरंच होती. तरी मी ठरवलं की नगदी म्हणजे मागासपणा. खिडकीत बसून मी लोकांना समजावायला लागले. पासबुकाची झेरॉक्स आणा काका, दोन दिवसांत खात्यात येतील, काही भानगड नाही. काही जण माझ्या गोड बोलण्याला भुलले. मला वाटलं, आपण सुधारणा करून राहिलो.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार. १४.६० क्विंटल, भाव ८,७००, एक लाख सत्तावीस हजार वीस, हमाली-तोलाईचे ३२० वजा, देणे १,२६,७००. हे माझ्या अजून तोंडपाठ आहे. माल ज्यांचा होता त्यांना मी इथं थोरले काका म्हणते. त्यांच्याच गावात त्यांचा चुलतभाऊ, त्याला धाकटे काका म्हणू. दोघांचं नाव एक, कारण दोघांनाही एकाच आजोबाचं नाव ठेवलेलं. आडनाव एक. वडिलांची नावं वेगळी, पण दोन्ही 'म' वरून. आणि पट्टीवर मुनीमजी नाव, म., आडनाव एवढंच लिहायचे, कारण त्यांना माणूस डोळ्यानं माहीत असायचा.

टॅलीत नाव टाइप केलं की खाली यादी येते. मी पहिल्या नावावर एंटर मारला.

एवढंच. एका एंटरची गोष्ट आहे ही.

यात मला आजही टोचतं ते हे की कुठंच काही वाजलं नाही. पेमेंट धाकट्याच्या लेजरला, म्हणजे टॅलीतल्या खात्याला, नावे पडलं, त्याच लेजरमधल्या खाते नंबरावर बँकेतून पैसे गेले. शनिवारी बँकेचं स्टेटमेंट जुळलं. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमेची बेरीज, जुळली. तेरीज जुळूनही ज्या चुका दिसत नाहीत त्यांचे प्रकार लिहा, असा पाच मार्कांचा प्रश्न मी तीनदा लिहिला होता, त्यातला दुसरा की तिसरा प्रकार म्हणजे योग्य रक्कम, योग्य बाजू, चुकीच्या माणसाचं खातं. पाचपैकी मला चार असायचे.

मंगळवारी थोरले काका खिडकीशी आले. "बाई, पैसे नाही आले." मी ऐटीत स्क्रीन फिरवून दाखवली, हे बघा, शुक्रवारीच गेले. त्यांना स्क्रीन वाचता येत नव्हती. मुनीमजींना येत होती. त्यांनी चष्मा वर केला, लेजरचं पूर्ण नाव वाचलं आणि फक्त म्हणाले, "अरे बाप्पा."

काकांकडे सात बायका वेचणीला होत्या, त्यांचे पैसे थकले होते. शेठजींना फोन झाला. त्यांनी थोरल्या काकांना तिथल्या तिथं नगदी द्यायला सांगितली, पूर्ण रक्कम. ते नोटा मोजत होते आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. मोजून झाल्यावर ते म्हणाले, "म्हटलं होतं ना तुले," आणि गेले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी आम्ही त्या गावाला निघालो. स्कूटी माझी, मागं मुनीमजी, टोपी हातात धरून. वणेच्या पुलावर ते म्हणाले, हळू चालव, पैसे आता कुठं पळत नाहीत. पळून गेले होते, ते आम्हाला माहीत नव्हतं.

धाकट्या काकांच्या घरात पुढची खोली कपाशीनं अर्धी भरलेली. आदल्या साली भाव दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून त्या साली अर्ध्या विदर्भानं कापूस घरात दाबून ठेवला होता. आमच्याही घरी होता. त्या कपाशीवर झोपलं की अंगाला खाज सुटते, मुलं रात्रभर खाजवतात, पण भाव येईल या आशेवर माणूस खाजवूही शकतो.

काकांना पैसे आल्याचं माहीत होतं. पोरानं मेसेज वाचून दाखवला होता. "म्या म्हटलं, अतिवृष्टीचे आले." त्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात पाणी पाणी झालं होतं आणि सरकारनं हेक्टरी १३,६०० जाहीर केले होते, तीन हेक्टरपर्यंत. मुनीमजींनी डोळे मिटून भागाकार केला. "एक लाख सव्वीस? तुह्याकडं सव्वानऊ हेक्टर हाय काय रे?" ते हसले. मीही हसले असते, पण त्यांनी मोबाइल पुढं केला. जमेच्या मेसेजखाली लगेच दुसरा होता. १,०४,३०० नावे. पीककर्ज, व्याजासकट. शिल्लक २२,४००.

त्यांचं कर्ज दोन वर्षं थकलेलं होतं. त्याच बँकेत, त्याच खात्याला जोडलेलं. पैसा आत पडला आणि बँकेनं गिळला.

"मले कोणी इचारलं?" काका म्हणाले. ते ओरडले नाहीत. "पुढच्या माफीत बसलं असतं ते. लोकं थांबूनच हायत. तुम्ही फेडून देल्लं." मग जरा वेळानं म्हणाले, "आता तुमचे एक लाख मी कुठून देऊ? तुमचे म्हणावं का बँकेचे, काही समजून नाही राहिलं."

मलाही समजत नव्हतं. चोरी त्यांनी केली नव्हती. फायदा झाला म्हणावं तर त्यांच्या हातात काहीच आलं नव्हतं. काकूनं चहा दिला. मी तो प्याले, कारण नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

बँकेतलं सांगण्यासारखं फार नाही. खातं थकीत होतं, सिस्टमनं घेतलं, आता वळवता येत नाही, तुम्ही नंबर बरोबर टाकायला पाहिजे होता. शेवटचं वाक्य खरंच होतं. एनईएफटीत पैसा जातो तो खाते नंबरावर, नाव कोणी बघत नाही. २०२५ च्या एप्रिलपासून पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव दिसायची सोय झाली आहे. पण माझी खात्री आहे, तेव्हा ती असती तरी मी नाव आणि आडनाव बघून पुढं गेले असते. मधल्या 'म' चं पूर्ण नाव वाचायची सवय मला धाकट्या काकांनी लावली.

घरी रात्री सांगितलं. बाबा जेवत होते, काही बोलले नाहीत. आई भाकरी उलटवत म्हणाली, "मंग माह्यं खातं कायले काढलं तुह्या बाबानं?"

मी थांबले. आमचा चुकारा दरवर्षी आईच्या खात्यात येतो. मला वाटायचं, बाबा आईला मान देतात. म्हणजे देतातही. पण बाबांचं पीककर्ज ज्या बँकेत, तिथं ते शंभर रुपयेही ठेवत नाहीत. मी कास्तकाराची पोरगी, कपाशीच्या ढिगावर वाढलेली, आणि खिडकीत बसून रोज चाळीस माणसांना मागास समजत होते. सगळेच कर्ज चुकवायला नगदी मागतात असंही नाही. पण चुकारा हातात आला की वेचाई, किराणा, कृषी केंद्राची उधारी, पोराची फी आणि बँक यातलं आधी काय, हे त्या माणसाला ठरवायचं असतं. खात्यात पडला की ठरवणारा दुसराच.

मुनीमजींनी नंतर सांगितलं की हे आजचं नाही. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, शेतकऱ्यानं माल फेडरेशनलाच द्यायचा आणि चुकाऱ्यातूनच सोसायटीच्या कर्जाची कपात व्हायची. "तवापासून लोकं साळ्याच्या नावानं कापूस टाकतात," ते म्हणाले. "तू कॉम्प्युटरवर आली, लोकं तिथंच हायत."

शेठजींनी मला काढलं नाही. ते म्हणाले, "बेटा, पगारातून कापलं तर सतरा महिने फुकट काम करशील, मग मला दुसरा अकाउंटंट ठेवावा लागेल." ते हसत म्हणाले, पण भागाकार त्यांनी केलेला होता हे माझ्या लक्षात आलं. २२,४०० काकांनी दुसऱ्याच दिवशी आणून दिले होते. उरले १,०४,३००. ठरलं असं की व्याज नाही, काका जमेल तसा कापूस आणतील आणि तो त्यातून वळता होईल. हमाली त्यांच्यावर धरायची नाही.

काका भावासाठी थांबले. भाव आलाच नाही. फेब्रुवारीत त्यांनी ६.२० क्विंटल आणला तेव्हा भाव ७,९०० होता. ४८,९८० जमा. नोव्हेंबरच्या भावानं ४,९६० जास्त झाले असते. हा आकडा मी कोणाला सांगितला नाही, त्यांनी तो घरूनच करून आणला असणार. बाकी ५५,३२०.

३१ मार्चला ती बाकी पुस्तकात उभी. ऑडिटला सीएंकडून नागपूरचा एक आर्टिकलशिप करणारा मुलगा आला, माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट. आम्ही ज्यांचं देणं लागतो त्यांच्या यादीत एक शेतकरी उलटा, म्हणजे तोच आमचं देणं लागणारा, पडलेला त्यानं लगेच पकडला. हे काय? मुनीमजी म्हणाले, आगाऊ चुकारा लिही. मुलगा म्हणाला, आगाऊ असेल तर करार दाखवा. मी दोघांकडे बघितलं आणि खरं ते सांगितलं, पहिल्यापासून. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मग तेच लिहा ना नॅरेशनमध्ये." रक्कम देण्यातून काढून येण्यात घेतली, आणि नॅरेशन, म्हणजे नोंदीखालचं टिपण, लिहिलं, 'दि. २५-११-२०२२ रोजी नामसाधर्म्यामुळे चुकून वर्ग झालेली रक्कम'. नामसाधर्म्य हा शब्द त्याचा. मी 'माझ्या चुकीनं' लिहिणार होते, तो म्हणाला तेवढं नको. बाकी मान्य असल्याची सही आणायला मी पुन्हा त्या गावाला गेले. या वेळी एसटीनं, १७ मार्चपासून बायांना अर्धं तिकीट झालं होतं. काकांनी सही केली आणि विचारलं, "पुन्हा कुठं अडकून तर नाही ना राहिलो मी?"

जूनमध्ये त्याच बँकेनं त्यांना नवं पीककर्ज दिलं, जुनं खातं निल दिसत होतं म्हणून. हे चांगलं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही. काकूला विचारलं तर ती म्हणाली, खत तर आलं.

मी खिडकीत समजावणं बंद केलं. पट्टी आली की विचारते, नगदी, की खात्यात? खात्यात म्हटलं तर कोणाच्या? आईच्या, बायकोच्या, सुनेच्या पासबुकाच्या झेरॉक्सी येतात, मग माल एकाचा आणि खातं दुसऱ्याचं म्हणून मी संमतीचा कागद लिहून घेते. मुनीमजींना हा कागद फालतू वाटतो. ऑडिटवाल्या मुलाला फार आवडतो. लेजरला मी आता नावापुढं वडिलांचं पूर्ण नाव, गाव आणि आधारचे शेवटचे चार आकडे टाकते.

दुसऱ्या दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, धाकटे काका गाडी घेऊन आले. लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० होता, आमच्याकडे त्या दिवशी ७,०००. काट्यावर ७.९० क्विंटल भरला. मी कॅल्क्युलेटर दोनदा मारला. ५५,३००.

"काका, वीस रुपये राहिले," मी म्हटलं.

मुनीमजी आतून म्हणाले, "कसर-वटावात टाक ना वं. वीस रुपयासाठी काय खातं ठेवतं?"

काकांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि खिडकीच्या फळीवर दहाची दोन नाणी ठेवली. आमच्या बाजारात दहाचं नाणं कोणी घेत नाही, नकली आहे म्हणतात, रिझर्व्ह बँकेनं कितीही सांगितलं तरी. मुनीमजींनी नाण्यांकडे बघून तोंड वाकडं केलं.

"पावती दे," काका म्हणाले. "आन् नाव पुरं लिहिजो."